गुहेच्या रोपकामात धातूऐवजी दोरीची कडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यातल्या रॅपलिंग शिबिरांना येणारी मंडळी, कराड-सांगलीकडचे गिर्यारोहण गट आणि मेघालयातल्या गुहांची तयारी करणारे यांच्याकडून फिरून फिरून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. जुमार (रोप पकडून वर चढायचं साधन), डिसेंडर (रोपवरून उतरायचं साधन), रिबिले (रोप मधेच पुन्हा बोल्टला बांधलेली जागा), काउज टेल (हार्नेसपासून अँकरला अडकवायची आखूड दोरी) हे शब्द तुमच्या कानांवरून गेलेत असं धरलं आहे. ज्यांनी एकेरी रोपवर चढ-उतर अजून कुणाच्या देखरेखीखाली केलेली नाही, त्यांनी आधी ती शिकावी. हे पान नंतरही इथेच आहे.

१. कॅरॅबिनरच्या जागी दोरी? म्हणजे नेमकं काय वापरायचं?

खडकातल्या बोल्टला हँगर (भोक असलेला पत्रा), हँगरमध्ये कॅरॅबिनर (स्प्रिंगच्या गेटची कडी) किंवा मायॉन (नट फिरवून बंद होणारी कडी) आणि त्यात मुख्य रोपची गाठ, ही आपली नेहमीची साखळी. यातला मधला धातूचा दुवा काढून तिथे बारीक पण मजबूत दोरीचं वेटोळं घालायचं, एवढीच कल्पना आहे. हे वेटोळं कॉर्डला गाठ मारून केलेलं असेल, कारखान्यात शिवलेली स्लिंग असेल किंवा सॉफ्ट शॅकल असेल. सॉफ्ट शॅकल पोकळ विणीच्या डायनीमाची (हलका, अतिशय मजबूत कृत्रिम धागा) असते. तिच्या एका टोकाला डोळा आणि दुसऱ्याला जाड गोल गाठ असते, आणि ती गाठ डोळ्यात अडकवली की कडी बंद. फ्रान्समधल्या गुहाशोधकांनी कॉर्डची पद्धत चांगली रुळवली आहे. ते तिला ‘आमाराज सूप्ल’ म्हणतात. या पानावर तिन्ही प्रकारांना मिळून ‘सॉफ्ट लिंक’ म्हटलं आहे.

२. वजन किती वाचतं? एवढ्याशा फरकासाठी हा खटाटोप कशाला?

तुलना कशाशी करता त्यावर आहे. सात मिलिमीटरचं स्टीलचं मायॉन साधारण साठ-सत्तर ग्रॅम भरतं. पाच-साडेपाच मिलिमीटरच्या डायनीमा कॉर्डचं गाठीसकट वेटोळं वीस ग्रॅमच्या आसपास. गुहेत चाळीस बोल्ट लावायचे असतील तर दोन किलोच्या घरात फरक पडतो, आणि पाठीवरची बॅग अरुंद भेगेतून पुढे ढकलत नेताना दोन किलो चांगलेच जाणवतात. पण तुमच्याकडे आधीच तीस ग्रॅमचे हलके वायरगेट कॅरॅबिनर किंवा ॲल्युमिनियमची मायॉनं असतील, तर वजनात जवळजवळ काहीच वाचत नाही. फक्त वजनासाठी म्हणून हे सगळं नव्याने विकत घेऊ नका. दुसरे फायदे मात्र आहेत: जागा कमी लागते, बॅगेत खणखणाट होत नाही, चिखलाने गेट अडकत नाही आणि पैसे कमी लागतात.

गाडी उभी करून पाच मिनिटं चालून कड्यावर पोचणार असाल, तर धातूच बरा. घाटातल्या रॅपलिंगला वजन वाचवून कुणाचं भलं होत नाही.

३. ताकद कमी पडत नाही का? नुसत्या दोरीवर जीव टांगायचा म्हणजे…

टांगता दोरीवरच की! खाली मुख्य रोप आहे ती दोरीच आहे.

आकडे बघू. ८० किलोचा माणूस शांतपणे लटकला तर सुमारे ०.८ किलोन्यूटन भार येतो (एक किलोन्यूटन म्हणजे साधारण शंभर किलोचं वजन). जुमारवर हिसके देत चढला तर त्याच्या दीड-दोनपट. ॲक्सेसरी कॉर्डच्या युरोपीय मानकात (ईएन ५६४) किमान ताकदीचं सोपं सूत्र आहे: मिलिमीटरमधल्या जाडीचा वर्ग गुणिले ०.२. म्हणजे ५ मिमीला ५ किलोन्यूटन, ६ मिमीला ७.२, ७ मिमीला ९.८. ही झाली एका पदराची ताकद. वेटोळ्यात दोन पदर येतात आणि गाठीमुळे काही ताकद जाते. हे सगळं धरून ६ मिमी नायलॉनचं वेटोळं नऊ-दहा किलोन्यूटनपर्यंत जातं. साडेपाच मिमीची डायनीमा गाभ्याची कॉर्ड एका पदरातच साधारण १५ ते १८ किलोन्यूटनची येते, आणि शिवलेल्या स्लिंगला मानक २२ किलोन्यूटन मागतं.

कॅरॅबिनरवर २० किलोन्यूटन छापलेलं असतं ते लांबीच्या दिशेने आणि गेट बंद असताना. आडवा भार आला किंवा गेट उघडं राहिलं तर मानकात किमान ७ च आहे. सॉफ्ट लिंकला गेटही नाही आणि आडवी बाजूही नाही, त्यामुळे तो प्रश्नच उरत नाही. ताकदीच्या नावाने सॉफ्ट लिंकला घाबरू नका. घाबरायचं ते धारेला, घर्षणाला आणि उष्णतेला (प्रश्न ६, ८ आणि १०).

४. नायलॉन, पॉलिएस्टर, डायनीमा, केवलार यातलं काय घ्यावं?

सॉफ्ट लिंकसाठी नायलॉनचं वेष्टण असलेली डायनीमा कॉर्ड, किंवा बजेट कमी असेल तर ७ मिमी नायलॉन.

डायनीमा म्हणजे अतिशय लांब रेणूंचं पॉलिएथिलीन. घनता ०.९७, म्हणून पाण्यावर तरंगतं. पाणी पीत नाही, त्यामुळे भिजलं तरी ताकद तीच राहते. चिवट आहे आणि धारेवरही नायलॉनपेक्षा जास्त टिकतं. उणिवा तीन: गुळगुळीत असल्याने गाठ सरकते (प्रश्न ७), ताणत जवळजवळ नाही (प्रश्न ९) आणि १४५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं (प्रश्न १०). नायलॉन भिजलं की त्याची दहा-वीस टक्के ताकद जाते, पण ते ताणतं, गाठ घट्ट धरतं आणि २२० अंशांच्या आसपासपर्यंत वितळत नाही. पॉलिएस्टर या दोन्हींच्या मधलं. केवलार वितळत नाही हे खरं, पण त्याच जागी पुन्हा पुन्हा वाकवलं तर आतून मोडत जातं आणि उन्हानेही खराब होतं. रोज गाठी मारायच्या-सोडायच्या कामाला ते घेऊ नये.

५. कुठे वापरायचं आणि कुठे मुळीच नाही?

ज्या दुव्यावर काहीही सरकत नाही तिथे सॉफ्ट लिंक चालते. बोल्ट आणि रोपची गाठ यांच्यामध्ये रोप बांधलेली असते, ती धावत नाही. सुरुवातीचा अँकर, बॅकअप, वाय-हँगचे (दोन बोल्टांवर भार वाटणाऱ्या Y आकाराच्या अँकरचे) दोन्ही पाय, रिबिले या सगळ्या ठिकाणी दोरी दोरीवर टेकते, पण घासत नाही. तिथे सॉफ्ट लिंक सुरक्षित आहे. खडकाच्या आरपार भोकातून किंवा खांबाला वेढा घालून नैसर्गिक अँकर करायचा असेल, तर धातूपेक्षा ती कितीतरी सोयीची पडते (प्रश्न १४).

आता नाही कुठे. जिथे रोप धावते तिथे नाही: डेव्हिएशनची (रोप बाजूला ओढून खडकापासून दूर ठेवणाऱ्या दुव्याची) रोपकडची बाजू, पुली, लोअरिंग (रोप सोडत माणूस खाली उतरवणं) आणि शेवटच्या माणसाने खाली उतरल्यावर ओढून काढायची रोप. एकाच जागी धावणारी रोप नायलॉन वितळवून कापू शकते. हार्नेसची मधली कडी, म्हणजे अर्धगोल मायॉन, बदलायची नाही. तिच्यावर तीन दिशांनी भार येतो आणि डिसेंडर, क्रोल (छातीवरचं चढायचं साधन), काउज टेल तिच्यातच असतात. डिसेंडर आणि जुमारशी जोडणाराही कॅरॅबिनरच हवा. आणि जी वस्तू महिनोन्महिने गुहेत ठेवायची आहे, तिच्यासाठीही नाही (प्रश्न १६).

६. हँगरच्या पत्र्यावर दोरी कापली जाणार नाही का?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा, आणि उत्तर ‘हँगर बघून ठरवा’ असं आहे. आपल्याकडे सरसकट वापरले जाणारे वाकवलेल्या पत्र्याचे हँगर तीन मिलिमीटरच्या आसपास जाडीचे असतात. ते कॅरॅबिनरसाठी घडवलेले असतात. भोकाची कड हाताला खरखरीत लागत असेल, तर तिच्यात दोरी थेट ओवायची नाही. कड गोल केलेले हँगर, जाड गोल सळीच्या रिंगा आणि खडकात चिकटवलेले ग्लू-इन बोल्ट दोरीला योग्य.

तपासायची युक्ती साधी आहे. जुन्या नायलॉन मोज्याचा तुकडा भोकातून कडेवर दाबून ओढा. धागा अडकला तर हँगर बाद. आणि कड कानसने घासून गोल करू नका. जस्ताचा थर गेला की ओल्या गुहेत तीच जागा गंजते.

हँगरभोवती गर्थ हिच (वेटोळं स्वतःतूनच ओवून केलेला फास) घालू नये. वेटोळं स्वतःच्याच अंगावर आवळलं जातं आणि धारेवर एकाच बिंदूत दाबलं जातं. भोकातून सरळ ओवून दोन्ही पदर समान खाली येऊ द्या. आडव्या, जमिनीला समांतर भारासाठी बसवलेल्या बोल्टवर रोप एका बाजूला ओढली तर वेटोळं कडेवरून सरकतं. अशा ठिकाणी धातू लावा.

७. डायनीमा कॉर्डला गाठ कोणती मारावी? फिगर ऑफ एट चालेल?

दोन टोकं जोडायला ट्रिपल फिशरमन. दोन वेढ्यांचं नायलॉनला पुरतं, पण डायनीमाला तिसरा वेढा लागतोच. शेपट्या कॉर्डच्या जाडीच्या किमान दहापट, म्हणजे साडेपाच मिमीला सहा सेंटीमीटर. गाठ मारल्यावर स्वतःच्या वजनाने तिच्यावर बसून एकदा चांगली आवळून घ्या, मगच वापरा. वेष्टण आणि गाभा आपापसांत घसरू शकतात, म्हणून टोकाला वेष्टण मागे ओढून गाभा दिसतोय का ते बघावं.

शिवलेल्या डायनीमा स्लिंगला मधेच गाठ मारू नका. गाठीने तिची ताकद जवळजवळ निम्मी होते. वेल्समधल्या डीएमएम कंपनीने ८० किलोचं वजन टाकून केलेल्या चाचण्यांत गाठ मारलेल्या डायनीमा स्लिंग तुटल्या. लांबी कमी करायची तर दुसरी, आखूड स्लिंग घ्या.

८. डेव्हिएशनला सॉफ्ट लिंक लावली तर काय होतं?

खडकाकडची बाजू कॉर्डची आणि रोपकडची बाजू कॅरॅबिनरची, हीच योग्य जोडी. रोप डेव्हिएशनमधून थोडी का होईना सरकते. वरच्या माणसाच्या प्रत्येक हिसक्याला ती वर-खाली होते, आणि दोरीवर दोरी घासली की करवत. शिवाय जाणाऱ्या प्रत्येकाला डेव्हिएशन सोडून पुन्हा लावावं लागतं. एका हाताने, चिखलात, लटकत असताना सॉफ्ट शॅकल उघडायची म्हणजे शिक्षाच.

भार मात्र इथे फारच कमी असतो. रोप जेवढ्या कोनाने वळते त्याच्या निम्म्या कोनाची ज्या (साइन) गुणिले दोन गुणिले वजन. ८० किलोच्या माणसाला २० अंश वळवलं तर डेव्हिएशनवर साधारण २८ किलो, ३० अंशांना ४१ किलो. म्हणून खडकाकडे ५ मिमीची कॉर्डसुद्धा पुरते. हिशेब करताना एक लक्षात ठेवा: डेव्हिएशन तुटलं तर माणूस पडत नाही, पण झोका जातो आणि रोप धारेवर येते. त्या जागी धार असेल तर डेव्हिएशन नको, रिबिलेच करा.

९. काउज टेल डायनीमाची केली तर? हलकी आणि मजबूत होईल ना?

नको. काउज टेल हा एकच दुवा असा आहे ज्यावर प्रत्यक्ष पडण्याची शक्यता असते. पाय घसरला, ट्रॅव्हर्सवर (आडव्या रोपवाटेवर) अँकरच्या वर गेलात, तर हिसका शोषायला ताण लागतो. डायनीमा तुटायच्या वेळीसुद्धा साडेतीन-चार टक्क्यांच्या पलीकडे ताणत नाही. सगळा धक्का हार्नेसला, बोल्टला आणि तुमच्या पाठीच्या कण्याला. डायनॅमिक रोपची, साधारण ९ मिमीची काउज टेल गाठ मारून करा. ती स्वस्त आहे आणि दर वर्षी बदलायला परवडते.

१०. उतरताना डिसेंडर तापतो. त्याने सॉफ्ट लिंक वितळेल का?

थेट लागला तर हो. कोरड्या रोपवर वेगात उतरल्यावर डिसेंडरला हात लावून बघणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. रिबिलेला थांबून काउज टेल लावताना गरम डिसेंडर नेमका सॉफ्ट लिंकवर टेकतो, ही खरी अडचण. लिंक आखूड ठेवा, गाठीचा लूप मोठा ठेवा आणि सावकाश उतरा. कार्बाइडचे दिवे आता फारसे कुणी वापरत नाही. कुणाकडे असलाच तर ज्योतीशेजारी कोणतीही कॉर्ड नको.

११. रिबिलेला रोपचं टोक हाताशी नसतं. मग ओवायचं कसं?

कॉर्ड उघडी घेऊन जायची. आधी रोपला फिगर ऑफ एट किंवा बटरफ्लायचा लूप करायचा, मग कॉर्ड हँगरमधून आणि त्या लूपमधून घालून ट्रिपल फिशरमन मारायचा. यात वेळ जातो. गार पाण्यात बोटं बधिर झालेली असताना फारच जातो. म्हणून बरेच जण रिबिलेला सॉफ्ट शॅकल घेतात किंवा तिथे सरळ हलका कॅरॅबिनर लावतात. मला दुसरा पर्याय शहाणपणाचा वाटतो. सगळं कापडीच हवं असा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

दुसरी अडचण काउज टेलची. धातू असला की आपण काउज टेल त्याच कॅरॅबिनरमध्ये किंवा हँगरमध्ये अडकवतो. इथे ती रोपच्या गाठीच्या लूपमध्ये अडकवायची. म्हणून लूप एरवीपेक्षा मोठा, दोन कॅरॅबिनर मावतील असा करा. टीममधल्या प्रत्येकाला हे आधी जमिनीवर दाखवा. नाहीतर अंधारात मागून येणारा गडी अडकवायला धातूच शोधत बसतो.

१२. सॉफ्ट शॅकल आपोआप सुटत नाही ना?

भार असताना सुटत नाही. डोळा गाठीवर आवळला जातो. ढिली पडून हलत राहिली, म्हणजे धबधब्याच्या झोतात किंवा बॅकअप अँकरवर, तर डोळा मोठा होऊन गाठ निसटू शकते. बाहेरून नळीचं वेष्टण असलेला, डोळा ओढून बंद करण्याचा प्रकार घ्या आणि लावल्यावर हाताने आवळा. बॅकअपवर, जिथे भार येतच नाही, तिथे गाठीचं वेटोळं जास्त भरवशाचं.

१३. जीप ओढायला मिळते ती सॉफ्ट शॅकल घेतली तर? आणि उसाच्या ट्रॉलीचे पट्टे, बाजारातली नायलॉनची दोरी?

जीपवाल्यांच्या सॉफ्ट शॅकलची ताकद अफाट असते, पण ती गाडीच्या कामासाठी बनवलेली आहे. माणसांच्या सुरक्षेच्या मानकाची खूण तिच्यावर नसते आणि बहुतेक इतक्या जाड असतात की हँगरच्या भोकात जात नाहीत.

सांगली-कराड भागातून दर हंगामात हा दुसरा प्रश्न येतो, कारण पट्टे घरात पडलेलेच असतात. माल बांधायचा रॅचेट पट्टा पॉलिएस्टरचा असतो आणि नवा असताना बळकट असतो. पण तो ट्रॉलीवर वर्षभर उन्हात, उसाच्या पाचटात आणि डिझेलच्या हातांनी वापरलेला असतो, आणि त्याचा इतिहास तुम्हाला माहीत नसतो. नको. ताडपत्री बांधायची आणि जनावराच्या दाव्याची दोरीही नको. तिच्यावर ताकद छापलेली नसते, तिला कुठलं मानक नसतं आणि बऱ्याचदा ती नायलॉन नसून पॉलिप्रोपिलीन असते.

१४. खडकाच्या भोकातून किंवा झाडाला कॉर्ड बांधली तर बोल्टची गरजच नाही, बरोबर?

खडक कोणता त्यावर. मेघालयातल्या चुनखडीत पाण्याने कोरलेली आरपार भोकं सापडतात आणि तिथे सॉफ्ट लिंकचं खरं काम दिसतं. बोल्ट वाचतो, ड्रिलची बॅटरी वाचते. भोकाच्या कडा हाताने चाचपून घ्या, धार असेल तर आत जुन्या रोपचं वेष्टण घाला. चुनखंबांना, म्हणजे वरून-खालून वाढलेल्या स्फटिकांना, बांधू नका. ते ठिसूळ असतात आणि शेकडो-हजारो वर्षांत तयार झालेले असतात.

आपल्या भागातला बेसॉल्ट कठीण आहे, पण त्याचे ठोकळे भेगांनी सुटे झालेले असतात. महाबळेश्वर, पाचगणीचं टेबललँड, कासचं पठार इथे वर जांभ्याचा थर आहे. जांभ्यात भोकं पुष्कळ दिसतात, मोह पडतो, पण तो पावसाने भुगा होत जातो. जांभ्याच्या भोकाला जीव लावायचा नाही. झाड चालतं: मनगटापेक्षा नव्हे, मांडीपेक्षा जाड, जिवंत आणि मुळं खडकात धरलेली असलेलं. बुंध्याला रुंद पट्टीची स्लिंग लावा. बारीक कॉर्ड सालीत घुसते.

१५. सातारा किंवा सांगलीत याचा सराव करायला गुहा आहेत का?

दोरावर उतरायच्या उभ्या गुहा नाहीत. सगळा भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, आणि चुनखडीसारखा तो पाण्यात विरघळत नाही. पाचगणीजवळची राजपुरीची गुहा किंवा महाबळेश्वरची रॉबर्स केव्ह पायी बघायच्या आहेत. कराडजवळच्या आगाशिवच्या आणि वाई-शिरवळकडच्या लेण्या माणसांनी कोरलेल्या आहेत. तिथे बोल्ट ठोकण्याचा विचारही करू नका. संरक्षित स्मारकाची नासधूस १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी करू नये.

सराव कुठेही होतो. शाळेच्या जिन्याला, जुन्या विहिरीच्या भक्कम कठड्याला, झाडाला. सॉफ्ट लिंक लावणं-सोडणं याला उंची लागत नाही, जमिनीपासून एक मीटरवर लटकलात तरी पुरे. डोळ्यांवर रुमाल बांधून, हातमोजे घालून, बादलीभर चिखलात कॉर्ड बुडवून गाठ मारून बघा. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत (कोयना, चांदोली) जायचं तर वनखात्याची परवानगी लागते. मेघालयात गुहा गावाच्या किंवा खाजगी जमिनीत असतात. तिथे गावच्या दरबाराला (पारंपरिक गावसभेला) विचारल्याशिवाय आत जाऊ नये.

१६. पुढच्या वर्षी पुन्हा येणार आहोत. लिंक तशाच ठेवून आलो तर?

काढून आणा. कापडी वस्तूची अवस्था दुसऱ्याने ठेवलेली असली की बाहेरून कळत नाही. उंदीर कुरतडतात, पूर आला की वाळू आत भरते, आणि वर्षाने येणारा माणूस ‘दिसतं तर बरं’ म्हणून लटकतो. कायमचं रोपिंग करायचं तर स्टेनलेस स्टील, आणि हँगर-बोल्ट दोन्ही एकाच धातूचे.

१७. किती वर्षं चालते? कधी फेकायची?

न वापरलेल्या कापडी वस्तूलाही बहुतेक कंपन्या जास्तीत जास्त दहा वर्षं देतात. गुहेत वापरलेली बारीक कॉर्ड त्याच्या आसपासही जात नाही. चिखलातले कण विणीत शिरतात आणि प्रत्येक हालचालीला आतून कापत राहतात. परत आल्यावर साध्या गार पाण्यात धुवा, साबण सौम्य, सावलीत वाळवा. पावसाळ्यात कास-बामणोलीकडे कॉर्ड दिवसेंदिवस वाळत नाही. पंख्याखाली टांगा, चुलीवर किंवा हीटरजवळ नाही. बॅटरीच्या ॲसिडचा नायलॉनला फार धोका. गाडीच्या डिकीत जुन्या बॅटरीशेजारी ठेवलेली कॉर्ड संशयास्पद धरा.

बाद करायची लक्षणं: वेष्टण फाटून गाभा दिसणं, बोटाला कडक किंवा चपटा लागणारा भाग, वितळून चकाकणारा ठिपका, एकाच जागी उगवलेली लव. अमेरिकेतल्या योसेमिटीत २००६ मध्ये टॉड स्किनर हा मुरलेला गिर्यारोहक गेला तो हार्नेसचा झिजलेला बिले लूप तुटून. लूप झिजल्याचं ध्यानात आलेलं होतं. नवा हार्नेस मागवलाही होता. बाद केलेली कॉर्ड जागेवरच कापून टाका, नाहीतर ती पुन्हा बॅगेत येते.

कॉर्ड मीटरवर मिळते, म्हणून बाद करताना हात आखडता घेऊ नका. एका कॅरॅबिनरच्या पैशात बरीच वेटोळी होतात.

१८. स्लिंगच्या टोकाला कॅरॅबिनर हलू नये म्हणून रबर लावतो. चालेल ना?

उघड्या, लांब स्लिंगवर नाही. रबरात कॅरॅबिनर घट्ट बसतो आणि स्लिंग नीट जोडल्यासारखी दिसते. पण वेटोळ्याचा दुसरा पदर चुकून गेटमधून आत-बाहेर झाला, तर कॅरॅबिनर नुसत्या रबरावर लटकतो. हाताने ओढून पाहिलं तरी कळत नाही. फ्रान्समधल्या ऑर्पिएर इथे २०१३ मध्ये एका मुलाचा जीव असाच गेला: क्विकड्रॉ (दोन कॅरॅबिनर जोडणाऱ्या आखूड स्लिंग) नुसत्या रबरावर जोडलेल्या होत्या. सॉफ्ट लिंकवर रबर, चिकटपट्टी, झिप टाय काहीच नको. दोन्ही पदर उघडे दिसले पाहिजेत.

१९. वाय-हँगमध्ये एक बोल्ट निघाला तर डायनीमाला हिसका बसून ती तुटेल?

लिंक आखूड असेल आणि दोन बोल्टमधला कोन कमी असेल, तर पडण्याचं अंतर काही सेंटीमीटरच असतं. हिसका मुख्य रोपची लांबी आणि तिच्या आवळणाऱ्या गाठी शोषतात. त्यामुळे डायनीमा ताणत नाही याचा इथे फारसा तोटा नाही. अगदी वरच, रोप जेमतेम मीटरभर बाहेर असताना मात्र शोषायला काही नसतं. तिथे नायलॉन लावा.

कोन ९० अंशांच्या आत ठेवा. ६० अंशांना प्रत्येक बाजूला ५८ टक्के भार, ९० ला ७१ टक्के, १२० ला पूर्ण १०० टक्के. सॉफ्ट लिंक धातूच्या कडीपेक्षा थोडी लांब असते, म्हणून गाठीचे दोन लूप तेवढे आखूड करायला विसरू नका. एरवी माणूस अपेक्षेपेक्षा खाली लटकतो आणि रोप कड्याला घासते.

२०. कुणी जखमी झालं आणि त्याच रोपिंगवरून बाहेर काढायचं असेल तर?

स्ट्रेचर, जखमी आणि सोबतचा माणूस मिळून दोनशे किलोच्या पुढे जातं. शिवाय रोप पुलीतून धावते, दिशा बदलते, अँकरवर तासन्‌तास माणसं चढ-उतर करतात. लिंकची ताकद त्यालाही पुरेल, पण ज्या दुव्यात एकदम चार कॅरॅबिनर अडकवायचे, काढायचे, फिरवायचे असतात तिथे कापडी वेटोळं सोयीचं नाही आणि घासण्याची शक्यता जास्त. म्हणून टीमच्या बॅगेत दहा-बारा लॉकिंग कॅरॅबिनर आणि पुली वेगळ्या पिशवीत असाव्यात. पिशवी शेवटच्या नव्हे, मधल्या माणसाकडे द्या. पुढे गेलेल्यांना आणि मागे राहिलेल्यांना ती सारखीच जवळ पडते.